थुंब्याहून खेड्यांकडे : डॉ. विक्रम साराभाई

ज्या देशाला अन्नधान्यासाठी परदेशी जहाजांची वाट पाहावी लागत होती, त्या देशाने अग्निबाण कशासाठी उडवावेत, असा प्रश्न १९६० च्या दशकात अनेक विचारी माणसांना पडत असे. आमच्या मते तो गैर नव्हता. डॉ. विक्रम साराभाईंनीही तो टाळला नाही. आपले सारे कार्य त्यांनी त्याच्या उत्तरावरच उभे केले.

अहमदाबादच्या गिरणीमालक अंबालाल साराभाईंच्या घरी १२ ऑगस्ट १९१९ रोजी त्यांचा जन्म झाला. केंब्रिजचे शिक्षण, बंगळूरला सर सी. व्ही. रामन यांच्याकडे विश्वकिरणांचे संशोधन आणि १९४७ मध्ये अहमदाबादेत भौतिकी संशोधन प्रयोगशाळेची स्थापना, असा हा आरंभीचा प्रवास. एवढ्या वैभवात वाढलेल्या माणसाचे लक्ष पुढे खेड्यातील शाळेवर आणि शेतावर खिळावे, याचे आम्हांस आजही नवल वाटते.

१९६२ साली डॉ. होमी भाभांच्या पाठबळाने अवकाश संशोधनाची राष्ट्रीय समिती नेमली गेली व साराभाई तिचे अध्यक्ष झाले. चुंबकीय विषुववृत्ताजवळचे म्हणून केरळातील थुंबा हे कोळ्यांचे गाव निवडण्यात आले. तेथील चर्च व बिशपांचे घर त्यासाठी हवे होते. बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांनी संमती दिली आणि प्रार्थनामंदिराची प्रयोगशाळा झाली. कोळी कुटुंबांनीही आपली किनाऱ्यावरची घरे सोडली. अवकाशयुगाच्या इतिहासात त्यांची नावे सहसा येत नाहीत, ही उणीव आम्हांस सलते. २१ नोव्हेंबर १९६३ च्या संध्याकाळी पहिला अग्निबाण, अमेरिकेकडून मिळालेला, आकाशात झेपावला आणि त्याने सोडलेला सोडियमच्या वाफेचा नारिंगी ढग सामान्य माणसांनीही नुसत्या डोळ्यांनी पाहिला.

मात्र राजाश्रय एखाद्या व्यक्तीवर विसंबून असला की तो तिच्याबरोबरच जातो. १९६४ मध्ये पंडित नेहरू गेले, १९६६ च्या जानेवारीत भाभा विमान अपघातात गेले. साराभाईंनी अणुऊर्जा आयोगाची धुरा स्वीकारली व इंदिरा गांधींच्या शासनापुढे चंद्राची शर्यत नव्हे, तर देशाची निकड मांडली. दिल्लीजवळच्या ८० गावांत १९६७ मध्ये शेतकऱ्यांसाठी दूरचित्रवाणी कार्यक्रम सुरू झाला. केरळात नारळाच्या मूळकूज रोगाचा माग आकाशातून घेतलेल्या छायाचित्रांवरून काढण्यात आला. शेतकऱ्याला, शिक्षकाला आपला वाटावा असाच हा कार्यक्रम होता, आणि म्हणून तो तगला असे आम्ही मानतो. १५ ऑगस्ट १९६९ रोजी 'इस्रो' स्थापन झाली. त्याच वर्षी अमेरिकेच्या 'नासा'शी उपग्रहाद्वारे खेड्यांत शिक्षण पोहोचविण्याचा करार झाला.

३० डिसेंबर १९७१ रोजी कोवळम येथे वयाच्या अवघ्या ५२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. काम थांबले नाही. १९७२ मध्ये स्वतंत्र अवकाश आयोग आला आणि डॉ. सतीश धवन यांनी सूत्रे हाती घेतली. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर सहा राज्यांतील सुमारे २,४०० गावांत उपग्रहावरून कार्यक्रम दिसू लागले. ही जबाबदारी वाहणाऱ्यांत कोल्हापूरचे डॉ. एकनाथ चिटणीस होते. जेथे वीज पोहोचली नव्हती, अशा काही गावांत संच बॅटरीवर चालत, आणि संध्याकाळी त्यांच्यासमोर अख्खे गाव येऊन बसे.