वसईचे विजेते चिमाजी अप्पा

कोकणातील श्रीवर्धन येथे भट घराण्याकडे पिढीजात देशमुखी होती. जंजिऱ्याच्या सिद्दीचा जाच असह्य झाला, तेव्हा या घराण्यातील बाळाजी विश्वनाथ घाट चढून देशावर आले. अनोळखी मुलखात त्यांनी नवी वाट पाडली आणि आपल्या कर्तबगारीने ते शाहू महाराजांचे पेशवे झाले. चिमाजी अप्पा हे त्यांचे धाकटे पुत्र.

१७२० मध्ये बाळाजी विश्वनाथ निवर्तले व थोरले बंधू बाजीराव पेशवे झाले. त्यांच्या तेजापुढे अप्पा काहीसे मागे राहिले. परंतु बंधूंचा उजवा हात तेच होते. त्यांची प्रकृती नाजूक होती. तरीही १७२८ मध्ये माळव्यात अमझेऱ्याच्या लढाईत त्यांनी मोगल सुभेदाराचा पराभव केला. १७३० मध्ये पत्नी रखमाबाई तान्ह्या सदाशिवाला मागे ठेवून वारल्या. ते दुःख पोटात घालून अप्पा पुन्हा मोहिमांवर निघाले. १७३६ मध्ये जंजिरेकरांचा पराक्रमी सरदार सिद्दी सात अप्पांच्या सैन्याशी लढताना मारला गेला.

अप्पांची खरी कसोटी उत्तर कोकणात लागली. वसई १५३४ पासून पोर्तुगीजांच्या ताब्यात होती. त्यांच्या राज्यात धर्माच्या बाबतीत प्रजेचा छळ होई. अंजूरच्या गंगाजी नाईकांसारख्या पुढाऱ्यांनी पेशव्यांकडे धाव घेतली. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतले. मात्र वसई हाती येईना. तेव्हा अप्पा स्वतः मोहिमेवर आले.

आजच्या पालघर जिल्ह्यातील माहीम, केळवे, शिरगाव ही ठाणी जानेवारी १७३९ मध्ये मराठ्यांच्या हाती आली. त्यापुढे होता तारापूरचा समुद्रकाठचा किल्ला. शत्रू निकराने झुंजला. किल्ला मिळाला; पण पेशवे बंधूंचे जिवलग बाजी भिवराव रेठरेकर गोळी लागून तेथे पडले. विजयाचा आनंद मानावा की सोबत्याचा शोक करावा, असा तो प्रसंग होता. अप्पांनी शोक आवरला आणि सैन्य वसईकडे वळवले.

वसईच्या किल्ल्याला तीन बाजूंनी पाण्याचा वेढा होता. हल्ल्याला वाव होता तो केवळ उत्तरेकडून. समुद्रावर मानाजी आंग्रे पहारा देत होते. मराठे मोर्चे पुढे सरकवीत, तटाखाली सुरुंग खणीत आणि वरून होणाऱ्या माऱ्यात शेकड्यांनी पडत. अखेर मे महिन्यात सुरुंगांनी तटाला खिंडार पाडले. खिंडारात घनघोर रण माजले आणि पोर्तुगीजांनी शरणागतीचे निशाण दाखवले.

इतकी माणसे गमावलेल्या सैन्याच्या मनात सूडाची भावना उसळणे अशक्य नव्हते. परंतु अप्पांनी तिला थारा दिला नाही. त्यांनी पराभूत सैन्याला शस्त्रांसह व कुटुंबकबिल्यासह सन्मानाने निघून जाण्यास आठ दिवसांची मुदत दिली. मागे राहणाऱ्या ख्रिस्ती प्रजेला आपल्या धर्माप्रमाणे वागण्याची मोकळीक दिली. ज्या राज्यात प्रजेला धर्मासाठी छळ सोसावा लागला होता, तेथे विजेत्याने तोच छळ उलट बाजूने सुरू केला नाही.

एप्रिल १७४० मध्ये बाजीराव वारले. आधीच खंगलेल्या अप्पांना हा आघात पेलला नाही. त्याच वर्षी डिसेंबरात ऐन तारुण्यात त्यांची प्राणज्योत मालवली. शत्रूचा तट फोडण्यास जितके शौर्य लागते, तितकेच शौर्य जिंकल्यावर हात आवरण्यासही लागते. चिमाजी अप्पांच्या ठायी ही दोन्ही शौर्ये होती.