गोदूताई, वारल्यांचा लढा आणि कोर्टातला सरकारी वकील

तलासरी : झाईपासून झरीपर्यंत गोदावरी परुळेकरांना लोक गोदूताई म्हणूनच ओळखतात. लाल बावट्याच्या पुढारी म्हणून त्यांचं नाव घराघरात आहे. पण त्या कायद्याच्या पदवीधर होत्या, हे नव्या पिढीला फारसं ठाऊक नाही.

१४ ऑगस्ट १९०७ रोजी पुण्यात वकील गोखले यांच्या घरी त्यांचा जन्म झाला. कायद्याची पदवी मिळवणाऱ्या त्या महाराष्ट्रातल्या पहिल्या महिला. कोर्टात नाव कमावता आलं असतं, पण त्यांनी स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगवास पत्करला. १९३९ मध्ये शामराव परुळेकरांशी लग्न झालं आणि दोघं शेतकऱ्यांच्या चळवळीत उतरले.

२३ मे १९४५ रोजी झरीच्या परिषदेला हजारो वारली जमले आणि वेठबिगार नाकारायचं ठरलं. १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात पाच जण गेले. चळवळीतल्या लोकांवर खटले भरले गेले. १९४६ मध्ये परुळेकर पती-पत्नीला जिल्ह्यातून हद्दपार केलं.

त्या काळी खालच्या कोर्टात सरकारची बाजू बहुतेक वेळा पोलीस खात्यातलाच माणूस मांडायचा. पकडणारं खातं तेच, खटला चालवणारंही तेच! हातात कागद नाही, वकिलाला पैसे नाहीत, अशा वारल्याने दाद मागायची कुठे?

१९७३ च्या फौजदारी संहितेने पोलीस अधिकाऱ्याला सरकारी वकील नेमण्यावर बंधन घातलं. तरी महाराष्ट्रात हे वकील पोलीस खात्याच्याच ताब्यात राहिले. अखेर १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतंत्र खातं करायला सांगितलं. पुढच्याच वर्षी, ८ ऑक्टोबर १९९६ रोजी, गोदूताई गेल्या.

आज दंडाधिकाऱ्यांपुढे सहायक सरकारी वकील आणि सत्र न्यायालयात जिल्हा सरकारी वकील खटला चालवतात. वर अभियोग संचालनालय आहे, ते गृह विभागाखाली येतं. म्हणजे पोलीस आणि वकील वेगळे झाले, मंत्रालयातला विभाग मात्र एकच राहिला.

गावातल्या माणसाने दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पोलीस केसमध्ये फिर्यादीला सरकारी वकिलाची फी द्यावी लागत नाही. आणि आरोपी आदिवासी असेल, तर विधी सेवा समितीकडून त्याला मोफत वकील मिळतो. तो मागून घ्यायचा. हक्क मागितल्याशिवाय मिळत नाही, हे गोदूताईंनी याच मातीत शिकवलं आहे.