विश्लेषण : कार्बन कराच्या चर्चेत नामदार गोखले का आठवतात?

युरोपात जाणारे पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट तयार करताना किती कार्बन उत्सर्जन झाले, यानुसार १ जानेवारी २०२६ पासून आकार लागू झाला आहे. तो भरायचा तिथल्या आयातदाराने. पण त्यामुळे भारतीय मालाच्या भावावर दबाव येतो. आपले कारखाने उत्सर्जनाची किंमत मोजतात, मग बाहेरच्या मालाला सूट का, असे युरोप म्हणतो. बरोबरीचा असाच युक्तिवाद भारतात १८९६ मध्येही झाला होता. त्या कराला विरोध करणाऱ्यांत पुण्याचे गोपाळ कृष्ण गोखले होते.

प्राध्यापक ते नामदार
गोखलेंचा जन्म ९ मे १८६६ रोजी गुहागर तालुक्यातील कोतळूकचा. १८८४ मध्ये ते पदवीधर झाले. पुढे न्यू इंग्लिश स्कूल आणि फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी शिकवले, अंकगणिताचे पुस्तकही लिहिले. सरकारी आकडेवारी वाचण्याची शिस्त त्यांना न्यायमूर्ती रानडे यांच्याकडून मिळाली.

कापडाचा कर काय होता?
१८९६ मध्ये आयात कापडावर साडेतीन टक्के जकात होती. लँकेशायरच्या गिरण्यांची तक्रार नको म्हणून भारतीय गिरण्यांच्या कापडावरही तेवढाच कर बसला. कागदावर बरोबरी झाली. पण एका बाजूला मुरलेला उद्योग होता, दुसऱ्या बाजूला नुकता उभा राहणारा. हा कर रद्द करा, अशी मागणी गोखलेंनी कायदेमंडळात केली.

मिठाचे गणित
१९०२ मधील पहिल्याच अर्थसंकल्पीय भाषणात त्यांनी सरकारी शिलकीवर बोट ठेवले. ही शिल्लक भरभराटीची नसून जादा करवसुलीची आहे, असे त्यांनी आकड्यांनिशी दाखवले. मिठावर तेव्हा मणाला अडीच रुपये कर होता आणि त्याची सर्वाधिक झळ गरिबाला बसत होती. १९०३ मध्ये तो दोन रुपये, १९०५ मध्ये दीड आणि १९०७ मध्ये एक रुपया झाला. मिठाचा खप वाढला.

पैसा जातो कुठे?
कराचा पैसा शिक्षणाकडे वळावा, हा त्यांचा आग्रह होता. १९११ मध्ये त्यांनी मांडलेले सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक पुढच्या वर्षी फेटाळले गेले. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले, तेव्हा ते ४८ वर्षांचे होते. कापडावरचा कर गेला तो १९२६ मध्ये.

आज याचा संबंध काय?
निर्यातदार देशात कार्बनची किंमत आधीच भरली असेल, तर युरोप ती वजा करतो. म्हणजे भारताने स्वतः कर लावला तर पैसा इथे राहील, नाही तर युरोपच्या तिजोरीत जाईल. मात्र इथे राहिलेल्या पैशातून कारखाने स्वच्छ होणार की नुसती शिल्लक वाढणार, हे अर्थसंकल्पच ठरवेल. गोखलेंचा वाद नेमका तिथेच होता.