सर सालारजंग : संकट, सल्ला आणि दप्तर

संकट आले म्हणजे लोकांत दोन आरोळ्या एकदम उठतात. सर्व सत्ता एका खंबीर पुरुषाच्या हाती द्या, ही पहिली; आणि जाणत्यांचे ऐका, ही दुसरी. ह्या दोहोंच्या गडबडीत तिसऱ्या माणसाची कोणास आठवण राहत नाही. तो म्हणजे दप्तर सांभाळणारा कारकून. हुकूम कितीही शहाणपणाचा असला तरी तो अखेर त्याच्याच हातून गावापर्यंत जावयाचा असतो. आणि तो हात जर लाचखाऊ, अडाणी अथवा अस्तित्वातच नसेल, तर राजाची सत्ता व पंडिताची विद्या ही दोन्ही राजधानीच्या वेशीबाहेर पडत नाहीत. मोठमोठ्या देशांचे अध्यक्ष व त्यांचे तज्ज्ञ सल्लागार ह्यांच्या अधिकारांविषयी वाद चाललेले आपण वाचतो. पण त्या वादाचे मर्म समजून घेण्यास बीडच्या वाचकास दूर जाण्याचे कारण नाही. आपल्या जिल्ह्याच्या कचेरीचा पाया ज्या राज्यव्यवस्थेत घातला गेला, तिच्या कर्त्या पुरुषाचे चरित्र ह्या कामी पुरेसे बोलके आहे. ते पुरुष म्हणजे निजामाचे दिवाण नवाब मीर तुराब अली खान, उर्फ पहिले सर सालारजंग.

त्यांचा जन्म १८२९ साली झाला. घराणे मोठे, हैदराबादची दिवाणगिरी त्यात पूर्वीपासून चालत आलेली. वडील लवकर वारले, म्हणून मुलाचे संगोपन वडीलधाऱ्यांनी केले. फारसी व अरबी विद्येबरोबर त्यांनी इंग्रजीचाही अभ्यास केला, आणि ऐन तारुण्यात तेलंगणातील एका मुलखाचा महसुली कारभार काही महिने प्रत्यक्ष पाहिला. चुलते सिराजउल्मुल्क हे दिवाण होते. मे १८५३ मध्ये ते वारले आणि दिवाणगिरीची वस्त्रे अवघ्या चोवीस वर्षांच्या ह्या तरुणाच्या अंगावर आली.

ती वस्त्रे म्हणजे काट्यांचा अंगरखा होता. त्याच महिन्यात निजामाने इंग्रजांशी तह करून वऱ्हाड, धाराशिवाकडील मुलूख व रायचूरचा दुआब हे प्रांत कंटिंजंट फौजेच्या खर्चापोटी त्यांच्या हवाली केले होते. उरलेल्या राज्याची दशा ह्याहून शोचनीय होती. महसुलाचे तालुके इजाऱ्याने दिलेले होते. जो जास्त बोली बोलेल त्याचा तालुका. आणि ती बोली भरून काढावयाची ती रयतेच्या पाठीवर. सरकारास तातडीचा पैसा लागे, तो सावकार देत. त्या कर्जाच्या हमीसाठी अरब जमादार उभे राहत. आणि फेडीस परगणे गहाण पडत. अरबांच्या खाजगी तुरुंगात ऋणको डांबले जात व सरकारास ते सोडविता येत नसे. नाणे म्हणावे तर तेही एक नव्हे. ठिकठिकाणच्या टांकसाळी निराळे रुपये पाडीत. औरंगाबादेस तर पेस्तनजी ह्या पारशी पेढीच्या नावाचा पेस्तनशाही रुपया चालत होता. बट्ट्याचा हिशेब ज्यांनी वाडवडिलांकडून ऐकला आहे, त्या आमच्या मोंढ्यातील व्यापाऱ्यांस ह्या अनवस्थेचा अर्थ सांगावयास नको.

आणि दप्तर? ते सरकारच्या घरी नव्हतेच. राज्याचे महसुली कागद वंशपरंपरेच्या दप्तरदार घराण्यांच्या हाती होते. त्यांपैकी रायरायांचे घराणे तर महाराष्ट्रीयच होते. कोणत्या परगण्याचा वसूल किती, कोणाचा इनाम खरा व कोणाचा खोटा, हे दिवाणासही त्यांना विचारल्यावाचून कळत नसे. ज्याला आपल्या राज्याचा आकडा ठाऊक नाही त्याने हुकूम सोडणे म्हणजे अंधारात काठी फिरविणे होय.

सालारजंगांनी हे ओळखले, आणि त्यांची पहिली थोरवी ह्यातच आहे. त्यांनी मोठमोठे जाहीरनामे काढले नाहीत. गहाण पडलेले तालुके एकेक करून सोडविले, इजारे मोडून पगारी तालुकदार नेमले, अरबांवरील दाव्यांसाठी न्यायालय बसविले, दप्तरे सरकारी देखरेखीखाली आणिली, आणि विखुरलेल्या टांकसाळी बंद करून हाली शिक्क्याचे एक नाणे चालू केले. ही कामे कंटाळवाणी खरी. पण राज्य त्यांच्यावरच उभे राहते.

इतक्यात १८५७ साल उजाडले. मे महिन्यात उत्तरेत वणवा पेटला आणि त्याच महिन्यात वृद्ध निजाम नासिरुद्दौला वारले. नवे निजाम अफझलुद्दौला गादीवर बसतात न बसतात तोच उठावाची वार्ता राजधानीत येऊन थडकली. जूनमध्ये औरंगाबादेस कंटिंजंटचे स्वार बिघडले. १७ जुलै रोजी तुर्रेबाझ खान व मौलवी अलाउद्दीन ह्यांच्या पुढारीपणाखाली जमावाने हैदराबादच्या रेसिडेन्सीवर हल्ला केला. दिवाणांनी इंग्रजांचा पक्ष सोडला नाही; शहरात बंदोबस्त ठेविला, आणि निजामाचे राज्य उठावाबाहेर राहिले. ह्याबद्दल त्यांना राजधानीत शिव्याशाप मिळाले. १८५९ साली दरबारातून परतताना रेसिडेंटावर गोळी झाडण्यात आली, तेव्हा दिवाण त्यांच्या सोबतच होते. १८६८ साली खुद्द दिवाणांवरही तसाच हल्ला झाला.

ह्या निर्णयाविषयी आमचे मत आम्ही लपवीत नाही. तुर्रेबाझ खानांनी प्राण दिले आणि मौलवी अलाउद्दीन काळ्या पाण्यावर गेले. स्वातंत्र्याच्या इतिहासात मान त्यांचा आहे, दिवाणांचा नाही. परंतु प्रतिपक्षासही न्याय दिला पाहिजे. चार वर्षांपूर्वी ज्या राज्यास आपल्याच शहरातील अरबांस आवरता येत नव्हते, त्याच्या चालकाने आपले बळ जोखले व राज्य वाचविण्याचा मार्ग धरिला. मोबदल्यात १८६० च्या तहाने धाराशिवाकडील मुलूख व रायचूरचा दुआब परत मिळाले आणि पन्नास लक्षांचे कर्ज माफ झाले. वऱ्हाड मात्र इंग्रजांकडेच राहिले, आणि ते परत मिळविण्यासाठी दिवाणांनी पुढे केलेली सारी खटपट व्यर्थ गेली. परक्याच्या कृपेवर उभारलेल्या सत्तेस किती आयुष्य व किती मान असतो, हे त्यांच्याइतके कोणास कळले असेल?

ह्यानंतरची वीस वर्षे ही त्यांच्या कर्तृत्वाची खरी वर्षे होत. १८६५ साली जिलाबंदी झाली. राज्याचे विभाग व जिल्हे आखले गेले. विभागावर सदर तालुकदार, जिल्ह्यावर अव्वल तालुकदार, त्याच्या हाताखाली दुय्यम व सोयम तालुकदार आणि तालुक्यावर तहसीलदार, अशी उतरंड बसली. आज बीडास जिल्हाधिकारी ज्या आसनावर बसतात, त्याची परंपरा ह्या अव्वल तालुकदारापर्यंत जाते. देशमुख-देशपांड्यांच्या हातून वसुलीचे काम काढून त्यांस रसूम ठरवून देण्यात आला. धान्यरूप वसुलीच्या जागी रोकड सारा आला. जिल्ह्याचे पोलीस वसुलीपासून वेगळे करण्यात आले. १८६८ साली न्याय, महसूल, पोलीस व किरकोळ खाती ह्यांवर चार सदरउल्महाम, म्हणजे खातेप्रमुख मंत्री, नेमले गेले. १८७४ साली वाडीपासून हैदराबादपर्यंत आगगाडी धावू लागली.

तज्ज्ञांविषयीही त्यांची दृष्टी मोकळी होती. राज्यात नव्या पद्धतीचे शिकलेले लोक थोडे, म्हणून त्यांनी ते बाहेरून आणिले. १८७३ पासूनच्या काही वर्षांत सय्यद हुसेन बिलग्रामी, मेहदी अली, मुश्ताक हुसेन, चिराग अली असे एकाहून एक कसलेले पुरुष उत्तर हिंदुस्थानातून हैदराबादेस आले. त्यांच्या विद्वत्तेचा राज्यास मोठाच लाभ झाला. १८७६ साली पाऊस बुडाला आणि दक्षिणेत महादुष्काळ पडला. रायचूर, लिंगसुगूर, गुलबर्गा ह्या बाजूस त्याचा तडाखा विशेष होता. दुष्काळाने पुष्कळ माणसे नेली. तरी पण कामे काढावयास, कंगालखाने चालवावयास व धान्य हलवावयास जिल्ह्याजिल्ह्यांत निदान एक यंत्र उभे होते. पंचवीस वर्षांपूर्वी हाच दुष्काळ इजारदारांच्या राज्यात पडता, तर रयतेच्या हाकेस ओ देण्यास कोण होते?

येथवर ही स्तुती झाली. आता दोष सांगणे आमचे कर्तव्य आहे, कारण नुसत्या स्तुतीने कोणतेही चरित्र उपयोगी पडत नाही.

पहिला दोष असा की, यंत्र अनेक खात्यांचे असले तरी त्याची किल्ली दिवाणांनी एकाच, म्हणजे स्वतःच्या, हाती ठेविली. १८६९ साली निजाम मीर महबूब अली खान हे अडीच-तीन वर्षांचे बालक गादीवर आले आणि सालारजंग राज्याचे सहपालक झाले. सत्तेवर वचक ठेवणारा असा राज्यात कोणी उरला नाही. वचक होता तो रेसिडेन्सीचा, आणि तो रयतेच्या हितासाठी नव्हता. वऱ्हाडच्या मागणीमुळे रुष्ट झालेल्या इंग्रज सरकारने १८७७ साली त्यांचे विरोधक रशीदुद्दीन खान ह्यांस सहपालक म्हणून त्यांच्या शेजारी आणून बसविले, ते त्यांचे पंख छाटण्यासाठी.

दुसरा दोष सल्ल्याचा. बाहेरून आणलेले पंडित दिवाणांस उत्तरदायी, अन्य कोणास नाही. त्यांच्यात व मुलकी लोकांत जी तेढ पडली ती दोन पिढ्या राज्यास भोवली. तिसरा दोष आम्हांस अधिक जवळचा. दप्तराची भाषा फारसी राहिली. दिवाणांच्या मृत्यूनंतर तिच्या जागी उर्दू आली. बीडच्या कुणब्याचे म्हणणे मराठीत निघावे, कागदावर फारसीत चढावे आणि हुकूम होऊन फारसीतच खाली यावा. मधल्या वाटेवर त्यातले किती गळत असेल ह्याची कल्पना वाचकांनीच करावी. तज्ज्ञास सर्व ठाऊक असते, पण यंदा कोणत्या गावची विहीर आटली हे गावकऱ्यासच ठाऊक असते.

ह्याच काळात अमेरिकेत अध्यक्ष लिंकन ह्यांनी यादवी युद्धात मोठे अधिकार आपल्या हाती घेतले होते; चौकशीवाचून माणसे अटकेत ठेवण्यापर्यंत मजल गेली होती. पण त्यांस तेथील काँग्रेसपुढे जाब द्यावा लागे, आणि १८६४ साली ऐन लढाईत त्यांनी निवडणुकीस तोंड दिले. कर्तबगारीत सालारजंग कोणास हार जाणारे नव्हते. उणे होते ते जाब विचारणाऱ्या लोकांचे.

८ फेब्रुवारी १८८३ रोजी पटकीच्या विकाराने सालारजंग अकस्मात वारले. पुढल्याच वर्षी त्यांचे चिरंजीव दिवाण झाले, पण तरुण निजामाशी त्यांचे पटेना. १८८७ साली त्यांनी पद सोडले. पाठोपाठ खाणींच्या मक्त्याचे प्रकरण निघून राज्याची अब्रू विलायतेपर्यंत चव्हाट्यावर आली. नेमलेले पंडित परस्परांचे पाय ओढू लागले. एका पुरुषाच्या नजरेवर चालणारे यंत्र ती नजर मिटताच कुरकुरू लागले. पुढे १८९९-१९०० चा दुष्काळ आला, तो आमच्या जिल्ह्यावर काळ होऊन आला. १८९१ च्या खानेसुमारीत बीड जिल्ह्याची वस्ती सुमारे ६ लक्ष ४२ हजार होती; १९०१ साली ती ४ लक्ष ९२ हजार भरली. कचेरी होती, तहसीलदार होते, कागद होते; तरी दहा वर्षांत दीड लक्ष माणूस कमी झाले. ह्याचा सारा दोष दप्तरावर टाकणे न्यायाचे होणार नाही. पण दप्तर असणे व दप्तराने रयतेचे ऐकणे ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, एवढे ह्या आकड्यांवरून खचित दिसते.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची राजवट संपली. आज दप्तराची भाषा मराठी आहे आणि जाब विचारण्याचा हक्क प्रत्येक मतदारास आहे. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्ह्याच्या प्राधिकरणाचे अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्यांस दिले आहे. त्यांच्या जोडीस स्थानिक संस्थेचा निवडून आलेला प्रतिनिधी सहअध्यक्ष म्हणून ठेविला आहे. पोलीस व आरोग्य खात्यांचे प्रमुख सभासद आहेत, आणि जाणत्यांची सल्लागार समिती नेमण्याची मुभाही आहे. सत्ता, सल्ला, दप्तर आणि लोकांचा आवाज, ही चारही अंगे कायद्याने एका मेजाभोवती बसविली आहेत. सालारजंगांस जे साधले नाही ते कागदावर तरी साधले आहे.

कागदावरचे प्रत्यक्षात आणणे हे काम मात्र कोणत्याही दिवाणाचे नव्हे. ते आपले आहे. आमच्या शहरातील शिकलेली मंडळी व मोंढ्यातील व्यापारी दुष्काळ पडल्यावर वर्गणी काढतात, छावण्यांस चारा देतात, हे भूषणावह आहे. पण पाऊस चांगला झाला त्या वर्षी ती प्राधिकरणाच्या सभेची चौकशी करितात काय? सल्लागार कोण, त्यांनी काय सांगितले, त्यांतले काय ऐकले व काय फेटाळले, हे विचारतात काय? संकटाच्या दिवशी राज्यकारभार घडत नसतो. त्या दिवशी त्याची केवळ परीक्षा होते. सालारजंगांनी शांततेच्या वर्षांत जे बांधिले ते दुष्काळात उपयोगी पडले, आणि जे बांधावयाचे राहून गेले त्याची किंमत रयतेने मोजली. ती पुन्हा मोजावी लागू नये अशी ज्यांची इच्छा असेल, त्यांनी कचेरीची पायरी आकाशात ढग असतानाच चढली पाहिजे.