डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर : परक्या कन्यांचे विश्वस्त

परक्या घरच्या मुलीचा सांभाळ अंगावर घेणे ही मोठी जोखीम आहे. पैशाचा हिशोब वहीत लिहिता येतो. मुलीचा हिशोब तिच्या आईबापांस व देवास द्यावा लागतो. ही जोखीम विनावेतन उचलणाऱ्या एका थोर शिक्षकाचे चरित्र आज आम्ही सांगतो. ते आपल्या मंडळीतले नव्हते. तरी त्यांच्यापासून आपणांस शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

रामकृष्णपंतांचा जन्म ६ जुलै १८३७ रोजी कोकणात मालवण येथे एका कारकुनाच्या घरी झाला. १८६२ साली मुंबई विद्यापीठातून जे पहिले पदवीधर बाहेर पडले त्यांत ते व न्यायमूर्ती रानडे हे दोघेही होते. पुढे ते रत्नागिरीस मुख्याध्यापक व नंतर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक झाले. शाळेतील मुलांसाठी त्यांनी रचलेल्या संस्कृत पुस्तकांवर अनेक पिढ्या शिकल्या. ते प्रार्थना समाजाचे सभासद होते व एकाच देवाची उपासना करीत.

स्त्रियांविषयीचा त्यांचा कळवळा केवळ बोलण्यापुरता नव्हता. १८८४ साली पुण्यात हुजूरपागेची मुलींची शाळा निघाली, तीत त्यांचा हात होता. १८९१ साली त्यांनी आपल्या विधवा कन्येचा पुनर्विवाह करून दिला व त्यापायी ज्ञातीचा रोष सोसला.

पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदासदन उघडले व पुढल्या वर्षी ते पुण्यास नेले. तेथे विधवांस शिक्षण मिळे. मात्र धर्मशिक्षण द्यावयाचे नाही, असा करार होता. बाई ख्रिस्ती, मुली ब्राह्मणांच्या. म्हणून लोकांचा विश्वास बसावा याकरिता रानडे, भांडारकर इत्यादी सद्गृहस्थ सल्लागार झाले. त्यांनी दिलेली देणगी म्हणजे त्यांचे नाव. त्या नावावर विसंबून पालकांनी आपल्या मुली धाडल्या.

काही मुली बाईंच्या प्रार्थनेस बसू लागल्या. आपण कोणास बोलावीत नाही, पण आपल्या खोलीचे दारही लावून घेणार नाही, असे बाईंचे म्हणणे होते. करार मोडला, असे सल्लागारांस वाटले. १८९३ साली त्यांनी उघडपणे राजीनामे दिले व अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. सदन मात्र देवाच्या कृपेने टिकले.

त्याच वर्षी भांडारकर विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १९१७ साली त्यांच्या नावाने पुण्यात प्राच्यविद्येची संस्था स्थापन झाली. २४ ऑगस्ट १९२५ रोजी त्यांचे देहावसान झाले.

आमचा पक्ष बाईंचा आहे, हे सांगणे नकोच. तथापि भांडारकरांस आम्ही वैरी म्हणत नाही. ज्या पालकांनी त्यांच्या शब्दावर मुली धाडल्या, त्यांच्याशी ते प्रामाणिक राहिले. आमच्या खाप्यात व कन्हानकाठच्या इतर गावांत बाप्तिस्म्यानंतर जुना स्नेही दुरावल्याचे दुःख पुष्कळ बंधूंस ठाऊक आहे. अशा स्नेह्याने पूर्वी केलेले उपकार विसरू नका. आणि उपदेशकहो, कोणाची मुलगी आपल्या शाळेत किंवा वसतिगृहात घ्याल, तेव्हा येथे प्रभूचे नाव घेतले जाते, हे तिच्या बापास आधीच स्पष्ट सांगा. प्रभूचे नाव लपवू नका, आणि बापास दिलेला शब्दही मोडू नका.