रेल्वेच्या वेळापत्रकात अडकलेली लहर

ट्रेन चुकली की तुम्ही काय करता? मोबाईल काढून पुढची बघता. सव्वाशे वर्षांपूर्वी त्यासाठी ब्रॅडशॉ नावाचं जाडजूड वेळापत्रक असायचं. कोलकात्याच्या एका प्राध्यापकांनी मात्र त्यात गाडी शोधली नाही. त्यांनी पानापानांत कथलाचा पातळ वर्ख घातला आणि पुस्तक रेडिओ लहरींसमोर धरलं. एका बाजूने धरलं की लहर आरपार, काटकोनात फिरवलं की लहर अडली!

हे होते जगदीशचंद्र बोस. झाडांनाही संवेदना असतात म्हणणारे, एवढंच आपल्याला शाळेत कळलेलं असतं. पण त्याआधीचे बोस जास्त भारी आहेत.

जन्म १८५८ चा, मैमनसिंगचा, म्हणजे आजच्या बांगलादेशातला. वडील सरकारी अधिकारी, तरी मुलाला आधी घातलं बंगाली शाळेत. पुढे केंब्रिजला शिकून बोस १८८५ मध्ये प्रेसिडेन्सी कॉलेजात फिजिक्स शिकवायला लागले. काम तेच, पण भारतीय म्हणून पगार गोऱ्या प्राध्यापकांपेक्षा कमी. त्यांनी नोकरी सोडली नाही. रोज शिकवत राहिले, फक्त पगाराला हात लावला नाही. एक-दोन महिने नाही, तब्बल तीन वर्षं! तेही घरावर कर्ज असताना. शेवटी सरकार नमलं आणि पूर्ण पगार मागच्या तारखेपासून मिळाला.

धड प्रयोगशाळा नव्हतीच. स्थानिक कारागिराला हाताशी धरून त्यांनी उपकरणं बनवली. जर्मनीच्या हर्ट्झच्या रेडिओ लहरी अर्ध्या मीटरहून लांब होत्या, बोस यांनी त्या ५ मिलिमीटरपर्यंत आणल्या. १८९५ मध्ये कोलकात्यात सगळ्यांसमोर भिंतीपलीकडची घंटा बिनतारी वाजवून दाखवली. १८९७ च्या जानेवारीत लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये ते बोलले, तो विषय होता ध्रुवीकरण.

घाबरू नका, सोपं आहे. दोरीचं एक टोक खिडकीला बांधा, दुसरं हलवा. वर-खाली हलवाल तर उभी लहर, डावी-उजवीकडे हलवाल तर आडवी. लहर कोणत्या दिशेने हलते, ते म्हणजे ध्रुवीकरण. १८९८ मध्ये बोस यांनी ज्यूटला पीळ घालून त्यातून लहरी सोडल्या, तर त्यांची हलण्याची दिशाच फिरली! पीळ उलटा घातला, दिशा उलटीकडे फिरली. म्हणजे वाटेत काय भेटतं, त्यावर लहरीची दिशा ठरते.

आता रस्त्यावर या. पुढच्या गाडीने ब्रेक मारल्याची खबर मागच्या गाडीला रेडिओने पोचवायची आहे. सिग्नल उभा निघतो. पण वाटेत ट्रक, पूल, दुभाजक. त्यांच्यावर आपटून तो थोडा तिरका होतो. मागच्या गाडीचा अँटेना फक्त उभी लहर नीट पकडत असेल, तर सिग्नल कमजोर पडतो. त्यात दोन्ही गाड्या पळतायत, म्हणून हे चित्र क्षणोक्षणी बदलतं. त्यामुळे इंजिनीअर कॉम्प्युटरवर मॉडेल बनवतात: कोणत्या वाटेने आलेली लहर किती तिरकी, किती कमजोर? मग उभा आणि आडवा असे दोन्ही अँटेना लावले तर किती फायदा, हे आधीच कळतं. चुकलं तर ब्रेकची खबर उशिरा पोचेल. आणि गाडीतल्या ७७ गिगाहर्ट्झच्या रडारची लहर केवढी? सुमारे ४ मिलिमीटर. बोस यांच्या लहरीची शेजारीणच!

पुढे बोस वनस्पतींकडे वळले, १९१७ मध्ये कोलकात्यात त्यांनी स्वतःची संशोधन संस्था काढली आणि १९३७ मध्ये गिरिडीहला त्यांचं निधन झालं.

कॉलेजच्या लॅबमध्ये काहीच धड नाही, ही आपली नेहमीची तक्रार. ती खरीच असते, आणि करायलाही हवी. बोस यांनीही अन्याय गप्प बसून सोसला नाही. पण पगार अडला होता तेव्हा शिकवणं थांबलं नव्हतं, आणि लॅब नव्हती तेव्हा वेळापत्रक होतं. पुढच्या प्रॅक्टिकलला एवढं आठवा.