देवळालीच्या गणितशिक्षकाची अमर संख्या : ६१७४

गणिताच्या जगाने एका मराठी शाळाशिक्षकाचे नाव एका संख्येला कायमचे दिले आहे. नाशिकजवळील देवळाली येथे तीन दशकांहून अधिक काळ मुलांना गणित शिकविणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे ते शिक्षक होत. त्यांच्यापाशी विद्यापीठातील पद नव्हते, पदव्युत्तर शिक्षणही नव्हते. असे असूनही ‘कापरेकर स्थिरांक’ हा शब्दप्रयोग आज जगभरच्या गणितप्रेमींच्या परिचयाचा आहे.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. ते आठ वर्षांचे असताना मातृछत्र हरपले. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचा नाद होता. त्यातील आकडेमोडीतूनच मुलालाही आकड्यांची गोडी लागली. ठाण्यात शालेय शिक्षण घेत असताना गणिती कोडी सोडविण्यात त्यांचे तासन्‌तास जात. १९२३ मध्ये त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात प्रवेश घेतला. विद्यार्थ्याने केलेल्या स्वतंत्र गणिती लेखनासाठी असलेले रँग्लर र. पु. परांजपे पारितोषिक त्यांना १९२७ साली मिळाले. १९२९ मध्ये बी. एस्सी. झाल्यानंतर त्यांनी देवळालीत शिक्षकी पेशा पत्करला आणि १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत तेथेच अध्यापन केले.

त्यांना कीर्ती मिळवून देणारा शोध असा. चारही अंक समान नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडून होणाऱ्या संख्येतून चढत्या क्रमाने मांडून होणारी संख्या वजा करावी. उत्तरावर पुन्हा हीच क्रिया करावी. उत्तर तीन अंकी आल्यास त्याच्या आधी शून्य लिहावे. अधिकाधिक सात पायऱ्यांत ६१७४ ही संख्या येते आणि तेथून पुढे कितीही वेळा वजाबाकी केली तरी तीच येत राहते. कापरेकरांचे जन्मवर्ष १९०५ घेतले, तर ९५१० मधून ०१५९ वजा जाता ९३५१ उरतात. पुढे क्रमाने ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या पायरीला ६१७४! हा शोध त्यांनी मद्रास येथील गणित परिषदेत मांडला आणि तो ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’ या अमेरिकी नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

हा चमत्कार वाटला, तरी त्याची उकल शालेय बीजगणिताच्या आवाक्यातील आहे. उतरत्या क्रमाने लावलेले अंक अ, ब, क, ड मानले, तर वजाबाकीचे उत्तर नेहमी (अ – ड) गुणिले ९९९ अधिक (ब – क) गुणिले ९० एवढे येते. म्हणजे पहिली वजाबाकी केवळ दोन फरकांवर अवलंबून असते. या दोन फरकांच्या एकंदर ५४ जोड्याच संभवतात. त्यामुळे हजारो संख्या तपासण्याची गरज उरत नाही. वर्गातील मुलांनी या ५४ जोड्या आपसात वाटून घेतल्या, तर एकाच तासात संपूर्ण वर्गाला कापरेकरांचे विधान स्वतः पडताळून पाहता येते. एकाची वजाबाकी चुकली, तर शेजारच्याला ती ताबडतोब दाखविता येते.

कापरेकरांच्या इतर शोधांचीही हीच जातकुळी आहे. ४५ चा वर्ग २०२५. त्याचे २० आणि २५ असे दोन भाग करून बेरीज केल्यास पुन्हा ४५ मिळतात. अशा संख्या ‘कापरेकर संख्या’ म्हणून ओळखल्या जातात. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने नि:शेष भाग जाणाऱ्या संख्यांना त्यांनी ‘हर्षद’, म्हणजे आनंद देणाऱ्या, असे नाव दिले. १९०५ च्या अंकांची बेरीज १५ आणि त्याने भागल्यास उत्तर १२७. म्हणजे त्यांचे जन्मवर्षही हर्षदच! २० सारख्या ज्या संख्या दुसऱ्या कोणत्याही संख्येत तिच्या अंकांची बेरीज मिळवून तयार होत नाहीत, त्या ‘स्वयंभू’ ठरल्या. ‘डेम्लो’ संख्यांचे नाव तर त्यांनी जी.आय.पी. रेल्वेवरील ज्या स्थानकात ही कल्पना सुचली त्यावरून ठेवले; ते स्थानक म्हणजे आजचे डोंबिवली.

स्वदेशात मात्र त्यांच्या वाट्याला उपेक्षाच अधिक आली. विद्यापीठीय वर्तुळातील अनेकांना त्यांचे काम क्षुल्लक वाटे. काही लेख नियतकालिकांत छापून आले. उरलेल्यांच्या पुस्तिका त्यांनी देवळालीहून स्वतःच छापल्या. परिसरातील महाविद्यालये त्यांना व्याख्यानांसाठी आवर्जून बोलावीत, ही त्यातल्या त्यात समाधानाची बाब. निवृत्तीनंतरचा काळ अधिकच कसोटीचा ठरला. १९६६ मध्ये पत्नीचे निधन झाले. निवृत्तिवेतन अपुरे पडत असल्याने गणित व विज्ञानाच्या शिकवण्या करून त्यांना चरितार्थ चालवावा लागला. या ओढगस्तीतही त्यांचा संख्यांचा व्यासंग मात्र अखंड सुरू राहिला.

मार्च १९७५ मध्ये चित्र पालटले. अमेरिकेतील ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातील मार्टिन गार्डनर यांचे गणिती मनोरंजनाचे सदर जगभर वाचले जात असे. त्या सदरातून गार्डनर यांनी कापरेकरांच्या कार्याची ओळख करून दिली आणि देवळालीच्या या शिक्षकाचे नाव सर्वदूर पोहोचले. त्या वेळी ते सत्तर वर्षांचे होते. १९८६ मध्ये देवळाली येथेच त्यांचे निधन झाले.

कापरेकरांनी गणिताची एखादी नवी शाखा स्थापन केली नाही, हे खरे. पण ज्या विषयाच्या धास्तीने असंख्य मुले शाळेत मागे पडतात, त्या विषयात त्यांनी वजाबाकी येणाऱ्या प्रत्येकाला शोधाचा आनंद खुला करून दिला. त्यांचा शोध तपासण्यासाठी ना प्रयोगशाळा लागते, ना पदवी. कागद, पेन्सिल आणि चूक दाखविणारा एखादा सोबती एवढी सामग्री त्यासाठी पुरेशी आहे. आयुष्यभर शाळेत रमलेल्या या शिक्षकाचा हा वारसा वर्गावर्गांत पुढे नेणे, हीच त्यांना खरी आदरांजली ठरेल.